वर येताना द्यायच्या शिव्या

शिव्या द्यायला मला माझ्या सख्ख्या आत्यानं शिकवलं आणि त्या न द्यायला शाळेनं. पहिल्या शिक्षणानं आमच्या घरातले जीव पिढ्यान्‌पिढ्या वाचत आले होते, दुसऱ्यानं एक जीव टांगणीला लागला. सर्टिफिकेट मात्र मिळालं ते दुसऱ्याचंच. ते मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून अजून जपून ठेवलंय. सरकारी कामात कधी काय मागतील, सांगता येत नाही.

आमचं घर गोंडपिपरीकडच्या एका गावात, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, पाठ लावून बसलेलं. आम्ही ढिवर. तलावातले मासे आमचे, शिंगाडे आमचे, आणि पाण्याच्या पोटात कुणाचं काही अडकलं तर ते सोडवून देण्याचं कामही आमचंच. बाबांनी त्या कामात दोन्ही कान घालवले होते. खोल गेलं की कानात कळ येते, नाक दाबून ती सोडवावी लागते, हे बाबांना चांगलं ठाऊक होतं. पण काम हातात आलं की त्यांना नाक आठवत नसे. त्यामुळे आमच्या घरात बोलणं असं काही नव्हतंच, होत्या त्या आरोळ्या. ‘वरण झालंऽऽ’ अशी चुलीपासून हाक गेली की बाबा सोडून सगळी आळी जेवायला उठायची. लाखोळीच्या डाळीचं वरण, अंबाडीची भाजी, वाळल्या झिंग्यांची चटणी, हा आमचा बेत गावात कुणापासून कधी लपला नाही. भांडणं तर नाहीच नाही. माय मी लहान असतानाच गेली, मग तिच्या जागी बाबांची बहीण, ठमाआत्या, येऊन राहिली. येताना ती एक पत्र्याची पेटी, एक जाळं आणि शिव्यांचा साठा घेऊन आली, असं बाबा म्हणत. पेटी गंजली, जाळं फाटलं, साठा मात्र वापरानं वाढतच गेला.

आता गंजाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. गंज म्हणजे लग्नात भात शिजवतात ते उभ्या भिंतींचं जाड पितळी भांडं. एका दमात होणाऱ्या कामाला आमची माणसं नुसती बुडी मारत. पण काम लांबणीचं असलं, गाळ उपसायचा असला, गुंतलेला दोर कापायचा असला, तर गंज उलटा करून पाण्यात सोडायचा. उलटा सोडला की त्यातली हवा त्यातच राहते. हवेनं भरलेला गंज मात्र सहजासहजी बुडायला राजी होत नाही, म्हणून त्याच्या कड्यांना दोर बांधून खाली मोठाले दगड टांगायचे. काठावरून दोर सोडणारे गडी म्हणत, ‘पयले पुरुषभर पाण्यात लय मस्ती करते, मंग आपोआप जड होते.’ पुरुष म्हणजे माणसाची उंची. आमचा तलाव पाणी सोडायच्या दाराजवळ तीन पुरुष खोल. गंज खाली गेल्यावर जड का होतो, हे कुणी कधी विचारलं नाही. जड होतो ना, मग झालं. खाली काम करणाऱ्याचा दम संपला की त्यानं दगडांच्या दोरांमधून गंजात डोकं घालायचं, दोन-चार श्वास घ्यायचे, पुन्हा कामाला लागायचं. काम आटोपलं की शेवटचा श्वास गंजातूनच भरून घ्यायचा आणि वर निघायचं. आणि वर येताना तलावाला शिव्या द्यायच्या.

हा नियम होता, आणि आमच्या घरात त्याला माफी नव्हती. तळ सोडल्यापासून डोकं पाण्याबाहेर निघेपर्यंत थांबायचं नाही, गिळायचं नाही, तोंड मिटायचं नाही. ‘तुझ्या पाळीले घुशी लागो. तुझ्या बुडाले भोक पडो. तुझ्यात गावाच्या म्हशी लोळो. तुझं पाणी गाढवबी ना पिओ.’ या चार छापण्याजोग्या. यापुढच्या अकरा तलावाच्या नातेवाइकांबद्दल आहेत, त्या इथं लिहीत नाही; माझी नातवंडं आता वाचायला शिकली आहेत. आत्याचं म्हणणं असं की, ‘तलावाची हवा तलावालेच वापस द्यावं लागते. अन्‌ गोड बोलून निघालास तं ते म्हणते, बस ना रे पोरा, जातेस कुठी? शिव्या देल्या का म्हणते, जाय बाप्पा, कटकट गेली.’ पाण्यात दिलेली शिवी कुणाला ऐकू येत नाही, नुसते बुडबुडे वर येतात. आत्या पाळीवर बसून त्या बुडबुड्यांकडे बघायची आणि शेजारच्या बाईला सांगायची, ‘आता तलावाच्या मावशीवर आला.’ तिला खरंच कळायचं की ती फेकत होती, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

आठवीत मला विज्ञानाला नागुलवार सर आले. चंद्रपूरचे होते, गावात खोली करून राहत, आणि आमच्या चिखलात पांढरा शर्ट घालून फिरण्याची हिंमत त्यांच्याशिवाय फक्त बगळ्यांत होती. माणूस तळमळीचा होता, खोटं कशाला बोलू. सरांना दोन गोष्टींची मनापासून चीड होती, अंधश्रद्धा आणि घाणेरडी भाषा, आणि आमच्या घरी दोन्ही मुबलक. ‘शेवंता, तुझी आत्या तलावाला शिव्या शिकवते म्हणे?’ असं त्यांनी भर वर्गात विचारलं तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. धरणीनं घेतलं नाही. वर्गानं मात्र त्या दिवसापासून मला ‘म्हशी लोळो’ हे नाव बहाल केलं, आणि ते दहावी पास होईस्तोवर चाललं.

त्याच वर्षी सरांनी वायूचा नियम शिकवला. शिकवला म्हणजे लिहून दिला. ‘तापमान स्थिर असताना दिलेल्या वायूचे आकारमान हे त्याच्यावरील दाबाच्या व्यस्त प्रमाणात असते.’ पुस्तकात वाकड्या काचेच्या नळीचं चित्र होतं आणि नळीत पारा. आमच्या शाळेत नळी नव्हती, पारा नव्हता, पावसाळ्यात तर छपरही नसल्यासारखंच होतं. नियम तेवढा होता. तो आम्ही पाढ्यासारखा म्हणायचो, ‘व्यस्त’वर जोर देऊन, कारण तिथं चुकलं की छडी बसायची. दाब वाढला की हवा आकसते, दाब सुटला की पसरते, एवढंच त्या वाक्याचं म्हणणं होतं. पण तसं सोपं करून सांगितलं तर विद्यार्थी बिघडतात अशी तेव्हा समजूत होती. पुढे आलापल्लीच्या शाळेत मी स्वतः इतकी वर्षं विज्ञान शिकवलं. ती समजूत काही मेलेली नाही, नुसती बदली होऊन गावोगाव फिरते.

त्या उन्हाळ्यात माझा भाऊ मनूदादा बाबांकडून गंजाचं काम शिकत होता आणि मी शेपटासारखी त्याच्या मागे. दादा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, हसरा, शाळेत सरांकडे दोनदा नापास होऊन बाहेर पडलेला. तरी सर म्हटले की त्याचा जीव गोळा व्हायचा. रस्त्यात ओढा भरला की सरांची सायकल डोक्यावर घेऊन पलीकडे पोचवायचा, आणि सर त्याला ‘काय रे, ढ’ म्हणाले की दिवसभर खूश. मी पोहण्यात त्याच्या बरोबरीची होते, शिंगाडे काढून काढून माझाही दम तयार होता. तर गंजात डोकं घालताना मला एक गोष्ट दिसली. वर असताना गंजातलं पाणी माझ्या हनुवटीला लागायचं, तळाशी तेच पाणी वरच्या ओठाला यायचं. मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, ‘तूच मोठी झाली असशीन खाली जाऊन.’ मग मी गंजाला आतून ओली राख फासली, उन्हात वाळवली, आणि तो उलटा तळापर्यंत सोडून वर ओढून घेतला. बरोबर खालच्या तिसऱ्या हिश्शाची राख धुऊन गेली होती, वरची जशीच्या तशी कोरडी. एवढी सरळ रेघ मी भूमितीच्या वहीतही कधी मारली नव्हती.

शाळा उघडल्यावर पुन्हा एकदा राख फासली, गंज पाण्यात सोडून काढला आणि डोक्यावर घेऊन थेट शाळेत नेला. सरांनी तो फिरवून फिरवून बघितला, टिचकी मारली आणि निकाल दिला, ‘गळका आहे. हवा निसटली, पाणी शिरलं. डाग देऊन घ्या.’

मी म्हटलं, ‘सर, गळका असता तं याच्यात भात कसा शिजला असता?’

उलट उत्तर दिलं म्हणून नियम पन्नास वेळा लिहून आणायची शिक्षा झाली. कोणता नियम? तोच, वायूचा. पन्नास वेळा लिहिला. पन्नासातल्या एकाही वेळी माझ्या डोक्यात आलं नाही की आपण जे लिहून राहिलो तीच ती राखेची रेघ. सरांना एकट्याला कशाला बोल लावू? तेही हुशार, मीही हुशार, नियम दोघांना पाठ आणि गंज दोघांच्या मधोमध.

आता तलावाच्या दाराकडे येते. आमच्या तलावाला जुनी दगडी तुडूम होती, म्हणजे वरपासून खालपर्यंत लाकडी बुचं बसवलेला पाण्याचा मार्ग. पाणी उतरेल तसं एकेक बूच काढायचं. ती मागासलेली पद्धत होती, कारण ती चालत होती. मग साहेब आले, तुडूम गेली आणि तिच्या जागी तळाशी लोखंडी दार आणि वर हिरव्या रंगाचं चाक बसलं. चाक फिरवलं की दार उचललं जाणार. त्या वर्षी तलाव तुडुंब भरला, धान गर्भात आलं, पावसानं पाठ फिरवली, आणि शेवटचं पाणी द्यायला गावानं चाक फिरवलं. चाक गरगर फिरलं. दार जागचं हललं नाही. आतला दांडा कुठेतरी तुटला होता. साहेबांना बोलावलं. त्यांनीही चाक फिरवून बघितलं, ते फिरतं याबद्दल समाधान व्यक्त केलं आणि वर कळवतो म्हणाले. इकडे भरल्या तलावाखाली जमिनीला भेगा पडायला लागल्या. आठ दिवसांत पाणी नाही मिळालं तर सगळं धान पोचट जाणार होतं, आमच्या आळीचंही आणि पाटलाचंही. यात तरी समता होती.

तेव्हा गावानं ठरवलं, दाराला खाली दोन कड्या आहेत, दोन्हींत साखळीचे आकडे अडकवायचे आणि पाळीवरून बैल लावून दार ओढायचं. कड्या गाळात रुतलेल्या, म्हणजे काम लांबणीचं, म्हणजे गंज. बाबा कासोटा घालून तयार झाले. आत्या त्यांच्या कानाशी ओरडली, ‘तुमचे कान गेले, आता काय डोस्कं घालवता?’ ते गावाला ऐकू गेलं आणि मनूदादाचं नाव ठरलं.

त्या सकाळी आम्ही दोघं चुलीपुढे तांदळाची भाकर खात होतो. मला आदल्या दिवशीच कळलं होतं की नागुलवार सर पूर्ण नववीचा वर्ग घेऊन पाळीवर येणार आहेत, श्रमाचं महत्त्व दाखवायला.

‘दादा,’ मी म्हटलं, ‘आज सर येऊन राह्यले. वर्ग घेऊन.’

‘मंग? येऊ दे ना.’

‘तू शिव्या नको देऊस.’

‘पाण्यातलं कोणाले आयकू येते वं?’

‘आत्या बुडबुडे पाहून सगळ्यांले सांगत बसते ना! मले रोज शाळेत तोंड दाखवा लागते. एक दिवस नाई देल्या तं काय होते?’

तो हसला, माझ्या भाकरीवर आपल्या वाटचा झिंगा ठेवला आणि म्हणाला, ‘पाहू.’ हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं. सरांच्या चुकीबद्दल गावात पुष्कळ बोललं गेलं आणि मी ते मान डोलावून ऐकत आले. माझी चूक भाकरीसोबत खाल्ली गेली.

पाळीवर जत्रा जमली होती. एका बाजूला बैलांच्या तीन जोड्या, दुसऱ्या बाजूला नववीचा वर्ग रांगेत. आत्या लांब, गंजाच्या दोरांपाशी होती. दादा पाण्यात उतरणार तेवढ्यात सर पुढे आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘मनोहर, खाली हवा मोजकी असते. ती शिव्यांमध्ये वाया घालवू नकोस. छाती भरून घे, तोंड घट्ट मिट आणि सरळ वर ये. हे विज्ञान आहे.’ सरांनी त्याला पहिल्यांदाच पूर्ण नावानं हाक मारली होती. दादानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ‘हो सर,’ तो म्हणाला आणि पाण्यात शिरला.

बराच वेळ कामाचे बुडबुडे येत राहिले, थोडे इकडे, थोडे तिकडे. साखळीला एक हिसका बसला, म्हणजे एक आकडा लागला, आता दुसरा न्यायला तो वर येणार. मग बुडबुडे थांबले. आत्यानं दोर दुसऱ्याच्या हातात दिला आणि ती उभी राहिली. ‘शिव्या कुठी हायेत?’ ती म्हणाली, मग ओरडलीच, ‘शिव्या काऊन नाई येऊन राह्यल्या?’ आणि तेवढ्यात दादाचं डोकं बाहेर आलं. तोंड घट्ट मिटलेलं, गाल फुगलेले. सरांकडे बघून तो हसायला गेला आणि हसण्याऐवजी त्याच्या तोंडातून लाल फेस आला.

त्याला खाटेवर घेतलं तेव्हा त्याला बोलायचं होतं आणि आवाज निघत नव्हता. मानेजवळची कातडी फुगली होती, हात लावला की कुरकुर वाजायची. बाबांनी बंडी जुंपली आणि ते त्याला गोंडपिपरीला घेऊन गेले. सर पांढरेफटक होऊन म्हणाले, ‘श्वास कमी पडला असेल त्याला.’

‘कमी नाई पडला, मास्तर,’ आत्या म्हणाली. ‘तलावाची हवा वर घेऊन आला पोट्टा.’

तलावाची हवा. आणि मला ती राखेची रेघ दिसली. तीन पुरुष पाण्याखाली गंजातली हवा दबून तीन हिश्शांवरून दोन हिश्शांवर येत होती. ती दबलेली हवा दादानं छाती भरून घेतली आणि तोंड मिटून वर आणली. जसजसा वर आला तसतसा दाब सुटत गेला, आणि हवेला तिची जागा परत हवी झाली. पाण्यातल्या गंजाचं तोंड उघडं होतं, जादा हवा बाहेर जायला वाट होती. दादाचं तोंड सरांनी आणि मी मिळून बंद केलं होतं. आत्याच्या शिव्या तलावाला कधी लागल्या असतील असं मला वाटत नाही. पण शिवी देणाऱ्याचं तोंड उघडं राहायचं, आणि जादा हवा बिनबोभाट निघून जायची.

‘सर,’ मी म्हटलं, ‘गंज गळका नव्हता.’

एवढंच म्हटलं. त्यांना नियम पाठ होता, पुढचं सांगावं लागलं नाही. ते पाळीवर खाली बसले, त्या पांढऱ्या शर्टासकट, चिखलात.

मध्ये एक सांगून टाकते. हल्ली कुणीही उठतं आणि म्हणतं, आपल्या पूर्वजांना सगळं विज्ञान ठाऊक होतं. मोबाइलवर तर रोज सकाळी येतं, खाली हात जोडलेले. आत्याला काहीही ठाऊक नव्हतं हो. तिला एवढंच ठाऊक होतं की तोंड मिटून आलेले दोघं तिच्या लहानपणी मेले आणि शिव्या देत आलेले म्हातारे झाले. सरांना कारण ठाऊक होतं, माणसं ठाऊक नव्हती. दोघांनी एकमेकांशी पाच मिनिटं बोलायला हवं होतं; पण मध्ये मी होते, आणि मला दोघांचीही लाज वाटत होती.

दुसरा आकडा राहिलाच होता. पोहणारे गडी पुष्कळ होते, पण तो लाल फेस बघितल्यावर जो तो दुसऱ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता हे अर्धं राहिलं तर धानही जाईल आणि दादाचं रक्तही फुकट जाईल, आणि ते मला सहन होणार नाही. शूरपणा वगैरे काही नव्हता, नुसती टोचणी होती. मी पदर, नाही, तेव्हा ओढणी, कमरेला बांधली. आत्यानं माझा दंड धरला. मला वाटलं, आता अडवते. ती माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली, ‘शेवे, शिव्या पाठ हायेत का?’

‘हायेत.’

‘सगळ्या?’

‘पंधराच्या पंधरा.’

‘मंग जाय.’

खाली हिरवा अंधार होता. कान दुखले, नाक दाबून सोडवले. गाळात हात घालून कडी चाचपली, दम संपला, गंजात डोकं घातलं. आत माझाच श्वास लोहाराच्या भात्यासारखा वाजत होता आणि पाणी वरच्या ओठाला होतं, बरोबर तिथंच. कडी सापडायला तीनदा गंजात यावं लागलं. आकडा बसला, साखळीला हिसका दिला, शेवटचा श्वास भरून घेतला आणि तळाला लाथ मारली. आणि सुरू केलं, पाळीले घुशी लागो. जीव खाऊन दिल्या. म्हशी झाल्या, गाढव झालं, मावशी झाली, आजा झाला. पंधरावी झाली तेव्हा वर अजून पुरुषभर पाणी होतं आणि छातीतली हवा संपतच नव्हती. श्वास एकच घेतलेला, पण तो येतच होता, मागून, आणखी, जणू कुणी आतून देत होतं. शिव्या संपल्या, श्वास संपेना. मेले वाटतं मी, असं वाटलं आणि मग तोंडात जे दुसरं पाठ होतं ते आलं, ‘तापमान स्थिर असताना दिलेल्या वायूचे आकारमान हे त्याच्यावरील दाबाच्या...’ डोकं पाण्याबाहेर निघालं तेव्हा नववीच्या अख्ख्या वर्गानं शेवट ऐकला, ‘व्यस्त प्रमाणात असतेऽऽ!’

वर्गात कुणी हसलं नाही. बैलांनी ओढ घेतली, दोन्ही कड्यांवर दार चिखलातून कुरकुरत उठलं आणि पाणी धानाकडे गेलं. पुढच्या आठवड्यात साहेब येऊन त्या हिरव्या चाकाला हात लावून फोटो काढून गेले.

दादाला गोंडपिपरीहून चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. फुप्फुस फाटलं होतं, बरगडीतून नळी घातली होती. डॉक्टर म्हणाले, वाचेल असं आज सांगता येत नाही, आणि वाचला तरी श्वास पूर्वीसारखा येईल असं धरून चालू नका. त्याला बोलायची मनाई होती, आणि मनाई नसती तरी जमत नव्हतं. ‘पा’ म्हणायचा, थांबायचा, मग ‘णी’ म्हणायचा. माझा बोलका भाऊ दोन अक्षरांचा झाला होता. आत्या खाटेशी बसून त्याच्या छातीकडे टक लावून बघायची, तलावाकडे बघायची तसंच, पण सांगायला काही नसायचं. बाबा भिंतीला टेकून बसलेले. आमच्या घरातली माणसं इतकी हळू बोलत असलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, आणि देव करो, पुन्हा ती वेळ न येवो. मी त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं, ‘दादा, मीच म्हटलं होतं ना तुले. माह्यामुळं झालं.’ त्यानं माझी बोटं दाबली.

दहा-बारा दिवसांनी नळी निघाली, आणि दुसऱ्याच दिवशी सर आले. शर्टाला इस्त्री नव्हती. हातातली केळी कुठं ठेवावी हे त्यांना कळेना, शेवटी ती खिडकीत ठेवून ते खाटेशी उभे राहिले. आमच्या भागात मास्तर पोराची माफी मागत नाही, तशी पद्धतच नाही. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, ‘मनोहर, गंज गळका नव्हता. मी चुकलो. तुला काय म्हणायचं असेल ते म्हण.’

 दादानं नाकानं श्वास घेतला, सावकाश, छातीवरची पट्टी वर येताना आम्हाला दिसली. नर्सबाईंनी दारातून बोट दाखवलं, बोलू नको. आणि दादानं सुरू केलं.

‘तुझ्या पाळीले घुशी लागो. तुझ्या बुडाले भोक पडो. तुझ्यात गावाच्या म्हशी लोळो...’

वॉर्डातली माणसं उठून बसली. नर्सबाई धावत आल्या आणि मध्येच थबकल्या. गाढव झालं, मावशी झाली, आजा झाला. आवाज बारीक होता, पण तुटत नव्हता. सर मान खाली घालून, डोळे मिटून, एकेक शिवी घेत उभे होते, आणि आत्या बोटांच्या पेरांवर मोजत होती. बारा. तेरा. चौदा. पंधरावी पूर्ण झाली तेव्हा दादानं तोंड मिटलं आणि घामाघूम होऊन हसला.

आत्या बाबांच्या कानाशी वाकली आणि सगळा दवाखाना हलेल अशी ओरडली, ‘पंधराच्या पंधरा आल्याऽऽ! एका दमात आल्याऽऽ!’

बाबांना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे, ते आधीपासूनच रडत होते.